पालकांच्या वारंवार मागणीनुसार

वाचता येणं आणि वाचलेलं कळणं, यांच्यामध्ये जी प्रचंड दरी आहे ती बुजवू शकेल असा माणूस आज हयात असलाच तर तो मी, असं मी एका सोमवारी सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं. आवाज खणखणीत होता. उजवा हात वर होता. डाव्या हाताने मी चहात साखर घालत होतो.

"अहो," बायको म्हणाली, "त्या बरणीवर काय लिहिलंय ते वाचा."

बरणीवर 'मीठ' लिहिलं होतं. ठळक अक्षरात. तेही माझ्याच हस्ताक्षरात!

तिसरा चमचा पडून गेला होता. पण मी तो चहा तळापर्यंत प्यायलो, आणि वर ओठ पुसून "छान झालाय" म्हणालो. चौतीस वर्षं एका दैनिकात दर रविवारी मी उपरोधिक सदर लिहिलं आहे. एकदा घातलेलं मागे घ्यायची आपल्याला सवय नाही.

या घोषणेचं कारण माझी नात. वय नऊ, इयत्ता चौथी. घरात तिला फौजदार म्हणतात, कारण 'का' हा शब्द ती बेडीसारखा वापरते; एकदा अडकवला की सुटका नाही. तर या फौजदाराला आकलनाच्या चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळाले होते. आकलन म्हणजे ते, 'खालील उतारा वाचा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा.' उतारा मधमाशीवर होता. 'मधमाशी दिवसभर काय करते?' या प्रश्नाला हिने लिहिलं होतं, 'मला माहीत नाही, मी दिवसभर शाळेत असते.'

मला ते उत्तर इतकं आवडलं की मी ते वहीत उतरवून घेतलं. वर्गशिक्षिकेला आवडलं नव्हतं. अभिरुची सगळीकडे सारखी नसते.

सूनबाईलाही आवडलं नाही. सूनबाई दातांची डॉक्टर आहे. इमारतीच्या तळमजल्यावरच तिचा दवाखाना. ती कधी आवाज चढवत नाही. समोरच्याने आ केलेलाच आहे असं धरून शांतपणे बोलते. ती म्हणाली की बाबा, किडलेलं वेळेवर पाहिलं नाही तर मुळापर्यंत जातं. म्हणून तिने एक क्लास शोधला होता. खास उतारा-आकलनाचा. रोज संध्याकाळी पाच ते सहा.

पाच ते सहा!

इथे तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं. संध्याकाळी पाच ते सहा फौजदार आणि मी गॅलरीत दोन पालथ्या बादल्यांवर बसतो. खालून रस्त्याने माणसं जातात. ती प्रत्येकावर आरोप ठेवते, मी शिक्षा सुनावतो. भर उन्हात छत्री मिटून नेणाऱ्या गृहस्थावर तिने ढग पळवल्याचा आरोप ठेवला होता. मी त्यांना सहा महिने कुंड्यांना पाणी घालायची शिक्षा दिली. कामकाज असं चालतं. निवृत्त झाल्यापासून संपादक माझी वाट पाहत नाहीत, छापखाना पाहत नाही, मंत्री तर आधीही पाहत नसत. पण रोज पाच वाजता एक माणूस माझ्यासाठी बादली पालथी घालून ठेवतो. ती बादली मी कुठल्याही क्लासला द्यायला तयार नव्हतो. जग इकडचं तिकडे झालं तरी!

म्हणून मी ती घोषणा केली. मीच शिकवीन. चहा खारट झाला तरी माझा शब्द गोडच आहे, वगैरे.

सूनबाईने विचार केला. मुलगा जहाजावर इंजिनियर आहे. घरात वादळाचं चिन्ह दिसलं की तो समुद्रावर सुरक्षित जागी जातो. त्यामुळे त्याचं मत घेण्याचा प्रश्न नव्हता. शेवटी करार ठरला. पुढची चाचणी तीन आठवड्यांनी. वीसपैकी पंधरा मिळाले तर संध्याकाळ आमची. एक गुण कमी पडला तर क्लास. साक्षीदार म्हणून बायको. बायको टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. जोडून देणं आणि ऐन रंगात आलेलं तोडणं, दोन्हीचा तिला दांडगा अनुभव.

आता माझी पद्धत. लोक मुलांना उतारे देतात. चूक! उतारा ही गोष्ट कुणी मनापासून लिहीत नाही आणि कुणी मनापासून वाचत नाही. मी फौजदाराला सांगितलं, जगात जे जे छापलेलं दिसेल त्याला तीन प्रश्न विचारायचे. हे कुणी लिहिलं? त्याला माझ्याकडून काय हवंय? आणि त्याने काय लिहायचं टाळलं? बस्स. चौतीस वर्षांचं सार मी तीन ओळींत ओतलं. मी एवढा उदार आहे हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

सुरुवात बिस्किटाच्या पुड्यापासून केली. पुड्यावर लिहिलं होतं, 'आता नव्या, सुधारित चवीत.' फौजदाराने दोन मिनिटं पुडा निरखला आणि म्हणाली की जुनी चव वाईट होती हे त्यांना माहीत होतं, तरी इतके दिवस विकत होते. मी तिला दोन बिस्किटं जास्त दिली. नव्या चवीची.

चौथ्या दिवशी ती शाळा सुटल्यावर आईच्या दवाखान्यात थांबली होती. प्रतीक्षा-खोलीत भिंतीवर एक चौकट होती: 'आमच्याकडे दात काढताना अजिबात दुखत नाही.' खोलीत पाच रुग्ण बसले होते. पाचही जण गाल धरून, पावसात अडकलेल्या कबुतरांसारखे. फौजदाराने त्यांचा वर्ग घेतला. पुढचं मला मदतनीस बाईंनी सांगितलं. ती खुर्चीवर उभी राहिली, चौकटीकडे बोट केलं आणि विचारलं, यात 'अजिबात' हा शब्द का घातला असेल? कुणालाच सांगता येईना. कसं येणार, तोंडं सुजलेली. मग तिनेच सांगितलं की खुर्च्यांच्या दुकानात 'आमची खुर्ची अजिबात चावत नाही' असं लिहिलेलं नसतं. कारण खुर्ची चावेल अशी शंका कुणाला येतच नाही.

दोन रुग्णांनी माना डोलावल्या. तिसरे गृहस्थ उठून निघून गेले. त्यांच्यापाठोपाठ चौथे गेले, ते तर गळ्यात दवाखान्याचा कागदी रुमाल अडकवलेला असतानाच. तो रुमाल अजून परत आलेला नाही.

संध्याकाळी सूनबाई माझ्यासमोर येऊन बसली. मी आपोआप आ केला.

"बाबा, तुम्ही तिला वाचायला शिकवताय की संशय घ्यायला?"

"एकच आहे ते," मी म्हणालो. आणि अजूनही म्हणतो.

हे इथे नोंदवून ठेवतो की दुसऱ्या दिवशी सूनबाईने ती चौकट उतरवली आणि तिथे 'दुखेल, पण थोडंच' असं लावलं. गर्दी वाढली. पळालेल्यांपैकी एक परतसुद्धा आले, वेगळा दात घेऊन. याचं श्रेय मला कुणी दिलं का? नाव नाही. जाऊ द्या. मी कसला भुकेला आहे श्रेयाचा! फक्त नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी शाळेतून परिपत्रक आलं. फौजदाराच्या दप्तरात चार घड्या घालून. मजकूर असा: 'पालकांच्या वारंवार मागणीनुसार, येत्या शुक्रवारपासून खेळाचा तास रद्द करण्यात येत असून तो वेळ वाचन-आकलनाच्या सरावासाठी देण्यात येईल.' खाली मुख्याध्यापिकांची सही. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात.

हे वाचून फौजदार रडली नाही, चिडली नाही. ती बादलीवर बसली आणि तिने परिपत्रक मांडीवर पसरलं. मी श्वास रोखून पाहत होतो.

"हे मोठ्या बाईंनी लिहिलं," ती म्हणाली. "त्यांना आपल्याकडून काय हवंय? आपण गप्प बसावं. आणि कोणत्या पालकांनी मागितलं ते लिहायचं टाळलंय."

पुस्तकं छापून आली, सत्कार झाले, एकदा एका मंत्र्याने माझ्यावर खटला भरायची धमकीही दिली. पण एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. माझे डोळे भरून आले. पोरीला वाचता येत होतं!

पुढचे दोन दिवस तिने तपास केला. सोबत दोन मैत्रिणी: एक चष्मेवाली आणि एक पुढचे दोन दात पडलेली. वर्गात छत्तीस मुलं. प्रत्येकाने घरी जाऊन विचारायचं की खेळाचा तास बंद करा असं शाळेला तुम्ही सांगितलं का, आणि उत्तर पालकाच्या सहीसह आणायचं. आलेख-वहीच्या पानावर तिने तक्ता काढला. तिसऱ्या रकान्याचं शीर्षक होतं, 'खरं बोलताना चेहरा कसा होता'.

गुरुवारी संध्याकाळी तक्ता पूर्ण झाला. छत्तीसच्या छत्तीस घरांतून 'नाही'. आमच्या घरासमोर लिहिलं होतं: आई नाही, आजी नाही, बाबा समुद्रावर आहेत म्हणून नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही तर आपल्या बाजूचे."

अशी गोष्ट ऐकल्यावर माणूस घरात बसू शकतो का? मी त्याच क्षणी ठरवलं की शुक्रवारी सकाळी शाळेत जायचं. बायको म्हणाली, तुम्ही नका जाऊ, पोरीचं काम पोरीला करू द्या. मी म्हणालो, अन्यायाच्या वेळी जो घरी बसतो त्याला इतिहास क्षमा करत नाही. ती म्हणाली, इतिहासाचं मला माहीत नाही, पण तुम्ही जिथे मदतीला जाता तिथली माणसं क्षमा करत नाहीत. मी शर्टाला इस्त्री केली. भाषणही तयार केलं, बारा मिनिटांचं. त्यात 'लेखणी' हा शब्द सात वेळा होता.

मोठ्या बाईंची खोली लहान होती. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, कपाटावर जप्त केलेले चेंडू ओळीने मांडलेले, जिंकलेल्या मुंडक्यांसारखे. मोठ्या बाई स्वतःही लहानच होत्या. खुर्चीत बसल्या की टेबलाच्या वर जेमतेम त्यांचा चष्मा आणि निर्धार दिसायचा. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. फौजदार माझ्या शेजारी तक्ता छातीशी धरून उभी होती. बाहेर खिडकीच्या गजांना नाकं लावून तिचा अर्धा वर्ग उभा होता. खेळाचा तास अकराला. घड्याळात साडेदहा झाले होते. तिने त्यांना शब्द दिला होता की कुणी मागितलं ते शोधून काढते आणि तास परत आणते.

मी भाषण सुरू केलं. दुसऱ्या मिनिटाला मी तक्ता टेबलावर ठेवला, पत्ते खेळणारा हुकमाचा एक्का ठेवतो तसा. छत्तीस घरं, छत्तीस सह्या. एकाही पालकाने मागणी केलेली नाही. मग हे 'वारंवार' आलं कुठून? मोठ्या बाई, शाळेने मुलांशी खोटं बोलावं?

मोठ्या बाईंनी तक्ता पूर्ण वाचला. तिसरा रकानासुद्धा. मग त्या शांतपणे म्हणाल्या की वारंवार म्हणजे तीन वेळा. त्यांनी खणातून एक फाईल काढली आणि उघडून माझ्यापुढे सरकवली.

आत तीन पत्रं होती. निळ्या शाईत. ती वेलांटीदार सही मी ओळखली. चौतीस वर्षं तीच करत आलोय.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी आधी सांगण्याची मला गरज वाटली नाही. ते सहा गुण पाहून मी शाळेला एक पत्र लिहिलं होतं. मग दुसरं लिहिलं, कारण पहिलं छान जमलं होतं. तिसरं तर काय, हात गरम झाला होता म्हणून. सोमवार, गुरुवार, सोमवार. पत्रांत मी शाळेच्या यांत्रिक शिक्षणाची अशी काही सालटी काढली होती म्हणता! नमुना देतो: 'आपल्या शाळेत मुले अजूनही आठवड्यातून एकदा खेळतात, हे पाहून मन विदीर्ण होते. खेळताना मूल हसते, आणि हसणारे मूल उतारा वाचत नाही. तरी खेळाचा तास त्वरित रद्द करावा. शक्य झाल्यास मधली सुट्टीही काढून टाकावी. जेवताना तोंड रिकामे नसले तरी डोळे रिकामेच असतात.'

काय वाक्य आहे ते! डोळे रिकामेच असतात! आजही एक स्वल्पविराम बदलणार नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या की ही पत्रं त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवली. चित्रकलेच्या बाईंनी विरोध केला होता. पण एवढे अनुभवी लेखक, नातीसाठी इतके कळवळून तीन-तीनदा लिहितात, त्यांचं म्हणणं डावलायचं कसं, असं इतर सर्वांचं मत पडलं.

"मधल्या सुट्टीची तुमची सूचना मात्र आम्हाला मान्य करता आली नाही," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल दिलगीर आहे."

मी बसलो. खुर्ची पुढे ओढायची राहिली होती, त्यामुळे अर्धाच बसलो.

मग मी त्यांना उपरोध म्हणजे काय ते समजावलं. की लेखक जे लिहितो त्याच्या नेमकं उलट त्याला म्हणायचं असतं. की सुज्ञ वाचक ओळींच्या मधलं वाचतो. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्हाला खेळाचा तास हवा होता? मी म्हणालो, अर्थात. त्या म्हणाल्या, मग तसं लिहायचं. मी म्हणालो, तसं लिहिलं तर वाचणार कोण?

"मी वाचते ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "माझं कामच आहे ते. रोज चाळीस अर्ज येतात. 'मुलाला ताप आहे' असं लिहिलं की मी ताप आहे असं समजते. प्रत्येक अर्जात उलटं काय दडलंय ते शोधत बसले तर शाळा कधी भरवू?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. अत्यंत मार्मिक उत्तर होतं. पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की फौजदाराने फाईल स्वतःकडे ओढली आहे आणि ती पत्रं वाचते आहे. ओठ हलवत, एकेक ओळ बोटाने धरून. तिन्ही पत्रं. मग पहिलं पुन्हा एकदा.

खिडकीतली नाकं गजांना आणखी दाबली गेली.

"आजोबा, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो, पण त्याचा अर्थ..."

"थांबा." तिने बोट उचललं नाही. "कुणी लिहिलं? तुम्ही. काय हवंय? खेळाचा तास बंद. काय लिहायचं टाळलं?" तिने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. "खेळाचा तास हवा, हे. ते कुठेच नाहीये. मी दोनदा बघितलं."

मोठ्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या की तुमच्या नातीचं आकलन फार चांगलं आहे. त्यात उपरोध होता की नव्हता, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

फौजदाराने तक्ता घेतला. पेन्सिल काढली. आमच्या घरासमोर 'आई नाही, आजी नाही' याच्या पुढे नीट अक्षरात लिहिलं, 'आजोबा हो'. आणि तिसऱ्या रकान्यात भरण्यासाठी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या वेळी तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी चौतीस वर्षांत एकाही मंत्र्याच्या चेहऱ्यावर आणू शकलो नव्हतो. तिसरा रकाना तिने रिकामा सोडला.

अकराला दहा मिनिटं होती. मोठ्या बाईंनी माझ्यापुढे एक कोरा कागद ठेवला. मागणी लेखी आली होती, तर माघारही लेखी हवी. त्यांचं काही वैयक्तिक नव्हतं. फाईल तशी होती.

मी लिहायला बसलो. पहिला मसुदा: 'खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी आपल्यासारख्या थोर संस्थेचा अमूल्य वेळ...' फौजदाराने कागद उचलला, वाचला, परत ठेवला आणि नुसती मान हलवली. दुसऱ्या मसुद्यात 'धन्य ती शाळा' असं आलं, ते मीच खोडलं. तिसऱ्यात काय आलं ते सांगत नाही. माझी लेखणी सरळ चालतच नव्हती. बाजारातून घरी न्यायच्या बकरीसारखी प्रत्येक कोपऱ्याला वळत होती. कपाळाला घाम फुटला. खिडकीतून पुढचे दात पडलेली मैत्रीण कुजबुजत म्हणाली की यांना लिहिता येत नाही का.

अकराला दोन मिनिटं असताना पाचवा मसुदा झाला. 'खेळाचा तास बंद करू नये. मुलांना तो हवा आहे. माझी आधीची पत्रे रद्द समजावीत.'

एवढं उघडं मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. अंगरख्याशिवाय चौकात उभं राहिल्यासारखं वाटलं. मोठ्या बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून फौजदाराकडे पाहत विचारलं, यात काही उलटं नाही ना?

तिने वाचलं. दोनदा.

"नाही. सरळ आहे," ती म्हणाली. "थोडं कंटाळवाणं आहे."

खिडकीबाहेर जो गलका झाला त्यात कपाटावरचा एक चेंडू खाली पडला. मोठ्या बाईंनी तो उचलून गजांतून बाहेर दिला. सोमवारी नवं परिपत्रक निघालं: 'पालकांच्या मागणीनुसार खेळाचा तास पूर्ववत.' 'वारंवार' हा शब्द गाळला होता. बाई प्रामाणिक आहेत, हे मान्य करायला हवं. वाचक म्हणून मात्र त्यांना मी अजूनही वीसपैकी सहाच देईन, आणि हे कुणीही त्यांना जाऊन सांगावं.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाचला मी गॅलरीत गेलो. एकच बादली पालथी होती, आणि ती मीच घातलेली. शनिवारी तेच. रविवारी बायको कपडे वाळत घालायला आली, तिने दुसरी बादली भरून नेली. मी एकट्याने कामकाज चालवून पाहिलं. छत्रीवाले गृहस्थ गेले. आरोपच ठेवायला कुणी नव्हतं, शिक्षा कशाची देणार? सोडून दिलं त्यांना.

सूनबाईने विचारलं की शिकवणी बंद पडली का. मी म्हणालो, शिकवायचं सगळं शिकवून झालंय. हे खरं होतं. फार खरं होतं, तीच तर अडचण होती. क्लासचा प्रवेश-अर्ज तिने फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवला, रोज दिसेल असा.

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली. घरात मला कुणी प्रश्नपत्रिका दाखवली नाही. निकाल लागला त्या दिवशी दुपारी सूनबाई दवाखान्यातून वर आली आणि तपासलेला पेपर माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

वीसपैकी अठरा.

उतारा एका म्हाताऱ्या घड्याळजीवर होता. 'लेखकाला काय सांगायचे आहे?' या शेवटच्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, 'लेखकाच्या मनात काय असते ते आपल्याला कळत नाही, कधी कधी त्यालाही लिहिता येत नाही. उताऱ्यात लिहिले आहे की घड्याळाला रोज किल्ली द्यावी. म्हणून तेच.' चारपैकी चार. शेजारी लाल शाईत 'छान'!

"शिकवलंत तुम्ही, बाबा," सूनबाई म्हणाली आणि हसली. दात उपटून झाल्यावर रुग्णाला दाखवतात तसं ते हसू होतं. पण तिने फ्रीजवरचा अर्ज काढला, चार तुकडे केले आणि टाकून दिला. करार म्हणजे करार.

त्या दिवशी पाच वाजता गॅलरीत गेलो, तर दोन बादल्या पालथ्या होत्या. एकीवर फौजदार बसली होती. मांडीवर दुरेघी वही, कानाला लाल पेन्सिल.

तिने अटी सांगितल्या. आधी अर्धा तास अभ्यास, मग रस्ता. अभ्यास माझा. रोज दहा वाक्यं लिहून आणायची, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ तेवढाच असला पाहिजे जेवढा त्यात लिहिलाय. ती तपासणार.

तर मंडळी, क्लास झाला. तिचा नाही, माझा झाला.

पहिल्या दिवशीची वही पाहा. 'आज ऊन आहे.' बरोबर. 'शेजाऱ्यांचा कुत्रा फार गुणी आहे.' फुली, बाजूला शेरा, 'उलटं.' 'मोठ्या बाई अत्यंत सुज्ञ वाचक आहेत.' दोन फुल्या. 'सूनबाई माझ्याशी फार प्रेमाने बोलते.' शेरा: 'आईला विचारून सांगते.' दहापैकी तीन. म्हणजे मधमाशीइतकेच!

तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य लिहिलं, 'तू आली नाहीस ते दिवस मला आवडले नाहीत.' तिने ते वाचलं. सवयीप्रमाणे पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा बोट शेवटच्या शब्दावर जरा जास्त थांबलं. मग तिने बरोबरची खूण केली, वही मिटली आणि खालून जाणाऱ्या एका ढेरपोट्या गृहस्थांवर फुगा गिळल्याचा आरोप ठेवला.

मी शरण गेलेलो नाही, हे इथे स्पष्ट करतो. ती तीन पत्रं उत्तम होती, आहेत आणि राहतील. ज्याला ती कळली नाहीत त्याने स्वतःचं आकलन तपासून घ्यावं. जगातला कुठलाही फौजदार मला या मुद्द्यावरून हलवू शकत नाही.

फक्त एक छोटीशी विनंती आहे. साडेचार वाजलेत. आजची आठ वाक्यं झालीत, दोन कमी पडतायत, आणि 'आज ऊन आहे' कालच वापरून झालंय. तुमच्याकडे एखादं जास्तीचं, साधं वाक्य असेल तर द्याल का? लहान असलं तरी चालेल.